धुई पडेल तेव्हा

त्या थंडीत अनुराधाला पहाटे पहाटे एकच स्वप्न पडायचं. ती गाडी चालवते आहे. किल्ली लावलेली नाही, इंजिनाचा आवाज नाही, चाकांखाली रस्तासुद्धा नाही. दोन्ही बाजूंनी संत्र्याची झाडं सावकाश मागं जात आहेत आणि तिला कुठं पोचायची घाई नाही. जाग यायची तेव्हा खिडकीबाहेर खरोखरच काही दिसत नसायचं. विहीर, गोठा, फाटक, सगळा बगीचा पांढऱ्यात बुडालेला.

मग ती उठायची, स्वतःचा डबा भरायची, सासऱ्यांचं जेवण झाकून ठेवायची आणि अंगणातल्या चांदी रंगाच्या छोट्या गाडीत येऊन बसायची. किल्ली फिरवली की स्टार्टर जोरात फिरायचा. इंजिन मात्र पकडायचं नाही. ती थांबायची, पुन्हा फिरवायची. नाल्याच्या पलीकडच्या काठावर आपटून तोच आवाज परत यायचा, आणि धुक्यात असं वाटायचं की तिकडेही कुणी बाई गाडी सुरू करायला बसली आहे आणि तिचीही सुरू होत नाही.

घर सौंसरहून जामसांवलीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, बगीच्यात होतं. अनुराधा शिकवायची पांढुर्ण्याच्या शाळेत. नवरा भूपेंद्र नोकरीसाठी नागपूरला राहायचा आणि रविवारी यायचा. घरात ती आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांना सगळा परिसर बापूजी म्हणायचा, म्हणून तीही बापूजीच म्हणायची.

बापूजी पूर्वी असे नव्हते, असं सगळे सांगायचे. अनुराधानं मात्र त्यांना बहुतेक ओसरीवरच्या खाटेवरच पाहिलं होतं. सासू गेल्या, त्याच्या पुढच्या साली भूपेंद्रनं बगीचा ठेक्यानं दिला. आता फळ झाडावर असतानाच व्यापारी बोली लावायचा, त्याचीच माणसं राखण करायची, त्याचीच माणसं तोडा करायची. पाणी केव्हा द्यायचं, केव्हा तोडायचं, हे बापूजींना विचारायला कुणी येत नव्हतं. ते हळूहळू फाटकापर्यंत जायचे बंद झाले, मग विहिरीपर्यंत. बोलणंही "हो" आणि "नाही" एवढ्यावर आलं. अनुराधा सकाळी म्हणायची, "बापूजी, मी निघाली." ते म्हणायचे, "हो." संध्याकाळी म्हणायची, "जेवले नाही का तुमी?" ते म्हणायचे, "नाही." दोघांचं भांडण कधीच झालं नव्हतं. बोलणंच झालं नव्हतं.

गाडीचं तिनं भूपेंद्रला फोनवर सांगितलं.

"विकून टाकू," तो म्हणाला. "लय जुनी झाली ते. नवीन पाहू."

तिला विकायची नव्हती. याच गाडीवर ती लग्नानंतर गाडी शिकली होती, याच बगीच्याच्या धुऱ्यावरच्या वाटेवरून, पहिल्या गिअरमध्ये. तिनं गाडी सौंसरला भाग्यश्रीकडं न्यायचं ठरवलं.

बसस्टँडच्या मागं भाग्यश्रीचं गॅरेज होतं. नागपूरला एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये काही वर्षं काम करून ती परत आली होती आणि भावाच्या रिकाम्या गाळ्यात तिनं स्वतःचं दुकान टाकलं होतं. पहिल्यांदा येणारे लोक आत डोकावून विचारायचे, "मिस्त्री कुठं गेला?" ती म्हणायची, "इथंच हाय. बोला." मग ते जरा गडबडायचे आणि गाडीबद्दल बोलायला लागायचे.

तिनं अनुराधाचं नीट ऐकून घेतलं. बॅटरी तपासली, टर्मिनलवर जमलेली पांढरी भुकटी घासून काढली, किल्ली फिरवली. गाडी एका फटक्यात सुरू झाली.

"झालं," अनुराधा म्हणाली.

"झालं असं वाटून राहिलं खरं," भाग्यश्री म्हणाली, पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. "स्टार्टर चांगला फिरत होता म्हणता ना तुमी? मंग बॅटरी नसावी. पाहू."

दुसऱ्याच धुक्याच्या सकाळी गाडी पुन्हा अडली. ऊन वर आल्यावर कधीतरी ती खोकत खोकत सुरू झाली आणि अनुराधा शाळेत पोचली तेव्हा पहिला तास संपत आला होता. भाग्यश्रीनं प्लग बदलले. त्यानं काही झालं नाही. मग तिनं पेट्रोलचा पंप तपासला, दाब मोजला. सगळं जागच्या जागी. शेवटी ती म्हणाली, "एक रात्र ठेवा इथं." गाडी राहिली. सकाळी भाग्यश्रीचा फोन आला. आवाजात वैताग होता.

"मॅडम, सुरू झाली. पहिल्याच किल्लीत. माह्याकडं आली का शहाण्यावानी वागते ते."

"मंग आता?"

"आता मलेच याव लागन तुमच्याकडं. सकाळी, तुमी निघता त्याच्या आंधी. जिथं दुखते तिथंच पाहाव लागन."

ती आली ती सकाळ कडक थंडीची होती. स्कूटरवरून उतरली तेव्हा तिच्या बोटांना मूठ वळवता येत नव्हती. आकाश स्वच्छ, बगीचा लख्ख, पानावर पान मोजता येईल असा. अनुराधानं चहा दिला. भाग्यश्रीनं तळहाताएवढा स्कॅनर डॅशबोर्डाखाली जोडला, त्यावरचे आकडे पाहिले, मान हलवली आणि म्हणाली, "लावा."

गाडी सुरू झाली.

अनुराधाला हसावं की रडावं कळेना. "देवाशपथ, रोज अडते ही!"

"थंडीनं अडत असती तर आज अडाले पाहिजे होती," भाग्यश्री म्हणाली. ती बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. "थंडी नाही. दुसरं काही तरी हाय."

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला.

"धुई नाही आज."

दोघींनी वळून पाहिलं. बापूजी खाटेवर उठून बसले होते. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर. अनुराधाला क्षणभर कळलंच नाही की बोललं कोण.

"काय म्हटलं जी, बापूजी?" भाग्यश्रीनं विचारलं.

"मी पडल्या पडल्या आयकतो नं रोज. धुई पडली का गाडी रडते. नाही पडली का चालली जाते." ते थोडं थांबले. एवढं सलग बोलायची सवय राहिली नव्हती. "परवाच्या दिवशी धुई होती. काल नव्हती. काल हे गेली टायमावर."

अनुराधानं आठवून पाहिलं. खरं होतं. तिला ते कधी सुचलं नव्हतं, कारण त्या महिन्यात धुकं बहुतेक रोजच होतं आणि ती त्यातूनच उठत होती.

भाग्यश्री उडी मारून ओसरीवर चढली आणि बापूजींच्या खाटेच्या कडेला जाऊन बसली, जणू घरचीच. "मंग बापूजी, तुमीच सांगा. धुई केव्हा पडन? मी तवाच येतो."

बापूजींनी तिच्याकडं पाहिलं. मग बगीच्याकडं पाहिलं.  झाडांवर आंबिया बहाराची फुलं नुकती उमलायला लागली होती आणि हवेत तो गोड, जरा कडवट वास होता.

"संध्याकाळी सांगतो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी अनुराधा शाळेतून आली तेव्हा बापूजी खाटेवर नव्हते. ती घाबरली. मग दिसलं, ते विहिरीपाशी उभे होते, तोंड वर करून. एक बोट ओलं करून हवेत धरलं होतं.

"फोन कर त्या पोरीले," ते म्हणाले. "उद्या पडते."

भाग्यश्री सकाळी आली. धुकं पडलं नाही. पूर्वेकडून जरा जरा वारा होता आणि सूर्य तांब्याच्या थाळीसारखा सरळ वर आला. बापूजींनी मफलर नाकापर्यंत ओढला आणि कुणाकडं पाहिलं नाही.

"चुकलं माह्यं," ते शेवटी पुटपुटले. "रात्री वारा सुटला."

"माह्या फोनमधीबी धुईच दाखवून राहिले होते," भाग्यश्री म्हणाली. "तो फोन तर चुकला तरी सांगत नाही का चुकलो म्हणून." ती ओसरीच्या पायरीवर बसली. "आली तं चहा पिऊन जातो."

अनुराधानं पोहे केले. गाडी एका किल्लीत सुरू झाली होती, शाळेला उशीर नव्हता, म्हणून तीही पायरीवर बसली. बापूजींनी बोलायला सुरुवात केली ती अशी, की वाऱ्याबद्दल सांगता सांगता ते नाल्यावर गेले, नाल्यावरून जुन्या बगीच्यावर. पूर्वी इथं संत्रा नव्हता, कापूस होता. पहिली कलमं त्यांनी स्वतः बैलगाडीत आणली होती, गोणपाटात गुंडाळून, आणि वाटेत जामसांवलीच्या मारुतीपुढं गाडी थांबवून कलमांवरच अंगारा टाकला होता. "लोक हासत होते," बापूजी म्हणाले. "म्हणे, झाडाले कोणी अंगारा लावते का?"

"मंग?" भाग्यश्रीनं विचारलं.

"मंग काय. लागली झाडं."

अनुराधा या घरात इतकी वर्षं राहत होती. कलमांची ही गोष्ट तिनं पहिल्यांदा ऐकली. तिला वाटलं, आपण एवढे दिवस एका मोठ्या घराच्या बाहेरच्या खोलीत राहिलो आणि आतलं दार आज उघडं दिसलं.

पुढं काही दिवस धुकं आलंच नाही. भाग्यश्रीला दुकान होतं, ती रोज येऊ शकत नव्हती. पण संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि ती अनुराधाशी बोलायच्या आधी विचारायची, "बापूजी काय म्हणून राहिले?" बापूजी आता रोज विहिरीपर्यंत, मग नाल्याच्या काठापर्यंत जायचे. ठेकेदाराच्या माणसांनी बगीच्याला पाणी सोडलं की जमीन किती भिजली ते पाहायचे. माती चिमटीत घेऊन वास घ्यायचे. परत येऊन कधी नाही म्हणायचे, कधी म्हणायचे, "सांगता येत नाही," आणि ते सांगता न येण्याचंही त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असायचं.

एकदा अनुराधानं त्यांना विचारलं, "बापूजी, तुमाले कसं कळते?"

"कळत नाही वं," ते म्हणाले. "अंदाज करतो. अंदाज कराले कोणी तरी विचारणारं लागते."



मग एका संध्याकाळी वारा एकदम थांबला. दिवसभर बगीच्याला पाणी चाललं होतं. आकाशात एक ढग नव्हता. बापूजी नाल्यावरून परत आले ते घाईनं.

"फोन कर," ते म्हणाले. "उद्या अशी पडन का हात दिसणार नाही."

सकाळी अनुराधानं दार उघडलं तर अंगण नव्हतं. पायरी होती, तिच्याखालची दुसरी पायरी होती आणि मग काहीच नव्हतं. ती किल्ली मुठीत धरून, हात पुढं करून चालली तेव्हा गाडी अचानक पोटाला लागली, थंडगार आणि ओली. फुलांचा वास इतका दाट होता की तो धुक्यालाच येतो आहे असं वाटत होतं. पानांवरून पाणी टपटपत होतं आणि त्या टपटपीशिवाय जगात आवाज नव्हता.

फोन वाजला. भाग्यश्री.

"मॅडम, मी तुमच्या वळणावर वळली, पण आता डांबर संपलं. चाकाखाली माती हाय. झाडं हायेत आजूबाजूले. मले वाटते मी कोणाच्या तरी बगीच्यात घुसली."

"तिथंच थांब! हलू नको. तिकडं नाला हाय."

बापूजी मागं येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत गेले आणि पितळी थाळी आणि पळी घेऊन बाहेर आले.

"बापूजी, तुमी कुठं निघाले?"

"पोरीले आणाले."

"तुमी थांबा, मी जाते..." पण ते पायऱ्या उतरले होते. दोन पावलांत त्यांची पाठ फिकट झाली आणि मग तिथं पाठ नव्हती. थाळीचा आवाज तेवढा येत राहिला, टण, टण, टण.

अनुराधा त्यांच्यामागं धावली. गाडीची किल्ली तिच्या मुठीत तशीच होती. ती आवाजाच्या दिशेनं गेली, पण आवाजाला दिशाच नव्हती. तो समोरून यायचा, मग डावीकडून, मग नाल्यावर आपटून पाठीमागून. तिच्या चेहऱ्याला फांद्या लागल्या, केसांत पाणी पडलं, पाकळ्या पडल्या. ती एका झाडाला हात लावून दुसऱ्या झाडाकडं जात राहिली. भीती वाटत होती, पण भीतीबरोबर आणखी काही तरी होतं. रोज खिडकीतून पाहिलेली ही झाडं तिनं कधी अशी हातानं ओळखली नव्हती. काहींची साल गुळगुळीत होती, काहींची खरबरीत, एका झाडाला खोलगट जखम होती आणि तिच्यावर चुन्याचा लेप.

"बापूजी!" ती ओरडली.

थाळी थांबली. मग दुरून स्कूटरचा हॉर्न वाजला, बारीकसा. थाळी पुन्हा सुरू झाली. हॉर्न. थाळी. दोन्ही आवाज एकमेकांजवळ सरकत होते. अनुराधा उभी राहून ऐकत राहिली. मग एकाएकी ते दोन्ही आवाज तिच्या अगदी शेजारी आले आणि धुक्यातून आधी स्कूटरचा पिवळा दिवा, मग भाग्यश्री, मग बापूजी बाहेर पडले. बापूजींच्या मफलरवर, भुवयांवर पाणी साचलं होतं. ते धापा टाकत होते.

"सापडली," ते म्हणाले.

"आता घर कुठं हाय, बापूजी?" भाग्यश्रीनं विचारलं.

बापूजींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पन्नास वर्षं त्यांनी ज्या जमिनीत काढली तिच्यात ते उभे होते. "मले बी नाही ठाव," ते म्हणाले, आणि हसायला लागले. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग मोठ्यानं. अनुराधानं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. भाग्यश्री हसली, अनुराधा हसली, आणि तिघं एका संत्र्याच्या झाडाखाली ओली होऊन उभी राहिली, हरवलेली, कुणाला कुठं जायचं ते माहीत नसलेली.

हसता हसता अनुराधाच्या मुठीतली किल्ली तिच्या बोटांना रुतली. तिनं किल्लीवरचं बटण दाबलं. काही झालं नाही. ती थोडी पुढं गेली आणि पुन्हा दाबलं. धुक्यात कुठं तरी, वाटलं होतं त्याच्या अगदी उलट बाजूला, गाडी टुक टुक वाजली.

"तिकडं!" भाग्यश्री म्हणाली.

अनुराधा बटण दाबत पुढं चालली. तिच्या पदराला धरून बापूजी, आणि त्यांच्यामागं स्कूटर ढकलत भाग्यश्री. गाडी त्यांना हाका मारत होती आणि दर हाकेला जरा जवळ येत होती. शेवटी गाडीचे दोन्ही दिवे धुक्यात मिणमिणले आणि त्यांच्यामागं ओसरीची पायरी दिसली.

"बसा," भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आता वेळ नका घालवू. धुई हाय तोपर्यंत पाहून घेऊ."

अनुराधानं किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, फिरला, फिरला. इंजिन पकडलं नाही. नाल्याच्या पलीकडून तोच आवाज परत आला. भाग्यश्रीच्या चेहऱ्यावर मात्र आनंद पसरला.

"वा! आज भेटली बाई. थांबा, आता नका लावू."

तिनं स्कॅनर जोडला. छोट्या पडद्यावर आकडे उमटले आणि ती एका आकड्यावर थांबली. तिनं पडदा अंगठ्यानं पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"बापूजी, थंडी किती असन आता?"

"हात बधिर झाले."

"ही गाडी म्हणते माह्यं इंजिन अठ्ठावन्न डिग्री गरम हाय."

बापूजींनी बॉनेटवर तळवा ठेवला. "बर्फ हाय हे तर."

"तेच तर." भाग्यश्रीनं बॉनेट उघडलं आणि टॉर्च आत धरला. "इंजिन किती तापलं ते सांगणारा एक सेन्सर असते. सकाळी इंजिन थंड असलं का सुरू व्हाले पेट्रोल जास्ती लागते. सेन्सर सांगते थंड हाय, मंग जास्ती पेट्रोल सुटते. हा सेन्सर सांगून राहिला गरम हाय. तर पेट्रोल सुटते कमी, आन् गाडी पेट घेत नाही." तिनं हात आत घालून दोन तारांचं एक लहानसं प्लॅस्टिकचं कनेक्टर सोडवलं आणि टॉर्चसमोर धरलं. आत हिरवट थर जमला होता आणि त्यावर पाण्याचा एक थेंब थरथरत होता.

"पहा," ती म्हणाली. "इथं एक रबर पाहिजे, पाणी आत जाऊ नये म्हणून. केव्हा तरी निघालं ते, कोणाच्या ध्यानात नाही आलं. धुईचं पाणी आत शिरते, दोन्ही तारांमधून जरा जरा करंट इकडून तिकडं चालला जाते, आन् गाडीले वाटते गरम हाय. माह्या दुकानात टिनाखाली राहिली, कोरडी होती. मंग कायले अडन?"

"आन् मी प्लग बदलले," ती पुढं म्हणाली आणि स्वतःवरच हसली. "नवे होते बिचारे. राहू द्या आता तसेच."

तिनं कनेक्टर फडक्यानं टिपलं, टोकदार ब्रशनं आतला हिरवा थर घासला, फुंकर मारली, पुन्हा टिपलं आणि परत लावलं. स्कॅनरवरचा आकडा घसरला आणि अकरावर थांबला.

"लावा आता."

अनुराधानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. खोकली नाही, अडखळली नाही. तिच्या मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला आणि धुक्यात मिसळून गेला, कुठला कुणाचा ते सांगता येईना. बापूजींनी थाळी पायरीवर ठेवली आणि ओल्या हातांनी डोळे पुसले. धुक्यानंही ओले झाले असतील.

भाग्यश्रीनं त्या दिवसापुरतं कनेक्टरला ग्रीस लावून टेप गुंडाळला. दोन दिवसांनी सौंसरला जुनं कनेक्टर कापून नवं जोडून दिलं, रबरासकट. त्यानंतरही धुकं पडत राहिलं, पण गाडी सुरू होत राहिली, आणि भाग्यश्रीला पहाटे यायचं कारण उरलं नाही.

अनुराधाला वाटलं होतं, आता बापूजी पुन्हा खाटेवर जातील. दोन दिवस तसं झालंही. ते ओसरीवर बसून राहिले. संध्याकाळी फोन वाजला की मान वर करायचे, पण फोन भूपेंद्रचा असायचा. अनुराधानं एकदा मुद्दाम विचारलं, "उद्या धुई पडन का, बापूजी?"

"पडली तरी काय," ते म्हणाले. "गाडी तर सुधरली."

 ती म्हणाली, "मले सांगा तरी. मी उठल्यावर खिडकी उघडू का नाही ते ठरवते." हे तिला बोलता बोलताच सुचलं होतं आणि ते खोटं आहे हे दोघांनाही कळलं. बापूजी थोडंसं हसले. पण उठून विहिरीपर्यंत गेले.

शनिवारी सकाळी ती डबा घेऊन बाहेर आली तर बापूजी गाडीत पुढच्या सीटवर बसलेले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, पायात चपला. काच खाली केलेली.

"कुठं जायचं, बापूजी?"

"सौंसरपर्यंत सोड मले. संध्याकाळी घ्याले येजो."

ती गाडी फाटकाबाहेर काढत असताना त्यांनी मान बाहेर काढून दोन्ही बाजूंची झाडं पाहिली. ठेकेदाराचा माणूस बांधावर उभा होता. बापूजींनी त्याला हाक मारली, "खालच्या ओळीले पाणी जास्ती होऊन राहिलं, झाडाचे पाय सडतील!" माणूस आधी नुसता पाहत राहिला, मग "हो जी" म्हणाला. वाटेत बापूजींनी काच वर केली नाही. कापूस वेचून झालेली शेतं, एका बांधावर सुकायला घातलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, शाळेत निघालेल्या सायकली, सगळं ते असं पाहत होते की जणू रस्ता नवा झाला आहे. बसस्टँडपाशी ते उतरले. तिनं विचारलं, "दुकानापर्यंत येऊ का?" त्यांनी हातानं नको म्हटलं आणि गर्दीतून सावकाश, पण सरळ निघून गेले.

शाळेत त्या दिवशी तिचं अर्धं लक्ष त्यांच्याकडं होतं. जेवले असतील का, चक्कर तर आली नसेल. भाग्यश्रीला फोन करावा असं दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तिनं फोन पर्समध्ये परत टाकला.

संध्याकाळी ती पांढुर्ण्याहून आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि बसस्टँडमागच्या गल्लीत धूळ सोनेरी दिसत होती. गॅरेजसमोर कुणाची तरी जुनी जीप उभी होती, बॉनेट वर केलेलं. भाग्यश्री कोपरापर्यंत आत होती. तिच्या शेजारी पालथ्या क्रेटवर बापूजी बसले होते, हातात टॉर्च, आणि ती सांगेल तिथं उजेड धरत होते. टोपीवर ग्रीसचा एक काळा डाग पडला होता. जीपचा मालक, एक दाढीवाला शेतकरी, त्यांना सांगत होता की गाडी थंडीत चालते आणि दुपारीच बंद पडते.

"बापूजी, निघायचं ना?" अनुराधानं विचारलं.

बापूजींनी वर पाहिलं नाही.

"थांब जरासक," ते म्हणाले. "हिचं काय होऊन राहिलं ते समजू दे." आणि मग जीपवाल्याला, "दुपारी म्हणजे कशा दुपारी? वारा असते का तवा?"

भाग्यश्रीनं आतूनच एक स्टूल पायानं अनुराधाकडं ढकललं. अनुराधा बसली.